सदाशिव पेठेतून पॅरिसला, व्हाया दगड

पॅरिसमधल्या आमच्या गल्लीत शाळेच्या भिंतीवर ठळक अक्षरांत रंगवलंय : 'पोस्टर लावण्यास मनाई. कायदा २९ जुलै १८८१.' पहिल्यांदा वाचलं तेव्हा अगदी सदाशिव पेठेत आल्यासारखं वाटलं. तारखेसकट दटावणी! फक्त 'वाचता येत असेल तर' एवढंच लिहायचं राहिलंय.

गंमत अशी, की याच कायद्याने इथे वृत्तपत्रांना मोकळीक दिली आणि पोस्टरांनाही. काही भिंती वगळल्या, बाकी शहर खळीच्या डब्यांना मोकळं झालं. चित्रकार ज्यूल शेरे तर १८६६पासूनच रंगीत पोस्टरं छापत होता. १८९०मध्ये सरकारने त्याला लेजिअन ऑफ ऑनर हा फ्रान्सचा मोठा सन्मान दिला. जाहिराती काढणाऱ्याला! पुढच्याच वर्षी चित्रकार तुलूझ-लोत्रेकचं 'मुलाँ रूझ' या नाचगाण्याच्या ठिकाणाचं पोस्टर भिंतींवर लागलं, साधारण ३,००० प्रती. शौकीन लोक खळ ओली असतानाच ती सोलून घरी न्यायचे.

हे सगळं शिळाछापाच्या जोरावर. परवा एका छोट्या छापखान्यात तो दगड हाताळला. चुनखडीचा, घासून गुळगुळीत केलेला, आणि उचलायला दोन माणसं. तेलकट खडूने चित्र काढायचं, मग दगड ओला करायचा. शाई पाण्याला धरत नाही, खडूला धरते. जितके रंग तितके दगड, आणि कागद दरवेळी केसभरही न हलता बसायला हवा. लोत्रेक तर ब्रशने शाईचे शिंतोडे उडवून पोत आणायचा. मी हौसेने 'पुणे' लिहिलं. छापून आलं ते आरशातलं. उलटं लिहायचं असतं, हे छापखानेवाल्या आजोबांनी मुद्दामच सांगितलं नसावं.

आपल्याकडेही तेव्हा हेच चाललं होतं की! विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८मध्ये पुण्यात चित्रशाळा काढली, ती याच तंत्राने देवादिकांची रंगीत चित्रं छापायला. फरक इतकाच, की इथलं चित्र आधी रस्त्यावर लागलं आणि मग घरात गेलं. आपलं थेट देवघरात गेलं. त्याला कोण कशाला पोस्टर म्हणेल? हात जोडले, हळदकुंकू वाहिलं, झालं.

आमच्या देवघरातलं जुनं रामपंचायतन चित्रशाळेचंच असणार, असं मला उगाच वाटायला लागलं. रविवारी आईला फोन करून म्हटलं, "चित्राच्या तळाशी बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव असतं, जरा बघ ना." ती चष्मा शोधून, स्टुलावर चढून आली.

"नाही रे. वाडा सोडताना नवी फ्रेम केली ना, तेव्हा बसत नव्हतं म्हणून बाबांनी खालची पट्टी कापली."