फाफ्सा आणि सातबारा

लेक न्यू जर्सीत जन्मली, म्हणून ती अमेरिकन नागरिक. आम्ही दोघं अजून भारतीय पासपोर्टवाले. फाफ्सा, म्हणजे कॉलेजच्या सरकारी मदतीचा अर्ज, तिला भरता येतो. आईवडिलांच्या व्हिसावरून तो अडत नाही. एवढं कळल्यावर मला वाटलं, झालं काम.

2024-25 चा फॉर्म नव्या धाटणीचा होता. नेहमी 1 ऑक्टोबरला येणारा, तो त्या वर्षी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आला. अर्ज मुलीच्या नावाचा, पण आईवडिलांचा भाग आईवडिलांनी आपल्या खात्यातून भरायचा. आमचं टॅक्स रिटर्न एकत्र असतं, म्हणून एकाचंच खातं पुरलं. "म्हणजे माझी गरजच नाही," म्हणत नवरा चहाचा कप घेऊन उठला.

पहिली ठेच नावाला लागली. माझ्या सोशल सिक्युरिटी कार्डावर, म्हणजे इथल्या सरकारी नंबराच्या कार्डावर, माझ्या नावाला जोडून नवऱ्याचं नाव आहे, आपल्याकडच्या पासपोर्टावर असतं तसं. आमचा भाग भरायचं आमंत्रण लेकीने फॉर्ममधून मला पाठवताना नुसतं माझं नाव टाकलं. झालं, जुळेना. दोन संध्याकाळी यात गेल्या. शेवटी कार्ड समोर ठेवून एकेक अक्षर तपासत भरलं तेव्हा गाडी पुढे सरकली. त्यानंतर टॅक्स खात्याकडून आमची माहिती घ्यायला संमती द्यायची होती. ती नाही दिली तर सरकारी मदत मिळतच नाही. संमती दिल्यावर 2022 च्या उत्पन्नाचे आकडे परस्पर आले. ते काम दोन मिनिटांचं.

मग मालमत्ता. राहतं घर धरत नाहीत, निवृत्तीसाठी साठवलेले पैसेही नाहीत. बाकी जे आहे त्याची अर्ज भरायच्या दिवशीची किंमत, कर्ज वजा करून. भारतातलंसुद्धा. मी नवऱ्याकडे बघितलं. "गावची जमीन?"

कोरेगाव तालुक्यात सव्वादोन एकर आहे. सासरे गेल्यावर सातबाऱ्यावर चार नावं लागली: सासूबाई, दादा, नणंद आणि हा. वाटणी झालेली नाही, कसतात दादा, आणि आम्हाला तिथून वर्षाला एक पोतं घेवडा मिळतो, तोही कुणी येणारं असलं तर. ही आपली मालमत्ता कशी म्हणायची? कॉलेजच्या मदत विभागात विचारलं तर सरळ उत्तर आलं: नावावर जेवढा हिस्सा आहे तेवढा दाखवा.

नवऱ्याने दादांना फोन लावून एकरी भाव विचारला. पलीकडे एकदम शांतता. मग, "काय रे, विकायचं काढलंय का?" हा गडबडला, आणि जितकं समजवायला गेला तितकं बिघडत गेलं. शेवटी मी फोन घेतला. "दादा, पोरीच्या फीसाठी सरकारला नुसतं लिहून द्यायचंय. वाटणीबिटणी काही नाही." तरी मागून जाऊबाईंचा आवाज आलाच, "आधी भाव विचारतात, मग मोजणी आणतात."

रात्री दादांनी सातबाऱ्याचा फोटो पाठवला. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, खाली चार नावं. सोबत एवढाच निरोप: एकरी वीस. लाख हा शब्द लिहायचीही गरज नव्हती.

चौथा हिस्सा सव्वाअकरा लाख. डॉलरला 83 रुपयांच्या दराने साडेतेरा हजार डॉलर. मी धास्तावले होते, पण आईवडिलांच्या मालमत्तेतून फार तर पावणेसहा टक्क्यांच्या आतच कुटुंबाच्या फी भरायच्या कुवतीत धरतात. म्हणजे दादांशी एवढं वाजलं ते साडेसातशे डॉलरच्या आसपासच्या आकड्यासाठी. उलट आजीने लेकीच्या खात्यात टाकलेले पैसे महाग पडले, कारण मुलांच्या स्वतःच्या बचतीचे 20 टक्के धरतात. ते आमच्या नावावर ठेवले असते तर बरं झालं असतं, पण हे आधी कोण सांगणार!

हा फॉर्म दरवर्षी नव्याने भरायचा असतो. दुसऱ्या वर्षी फॉर्म यायच्या आधीच, दिवाळीच्या फोनवर दादा म्हणाले, "पंचवीस लिही यंदा. शेजारचं गेलं त्या भावाने." मागून जाऊबाई ओरडल्या, "अहो, वीसच सांगा, पोरीची मदत कापतील!"