म्बिताला डासखाऊ कोळी बघायला जाणाऱ्यांसाठी

केनियातल्या म्बिताला उतरून तासही झाला नव्हता, तोवर खिशातून तीन हजार केनियन शिलिंग गेले. धक्क्यावर भेटलेल्या एका माणसाने मला पडक्या गोदामापाशी नेलं आणि भिंतीवर बोट ठेवून छातीठोकपणे सांगितलं, ‘हाच तो बुइबुइ (स्वाहिलीत कोळी), मलेरियावाला.’ भिंग लावून बघतो तर चपटं करडं अंग, काळे पट्टे. मेनेमेरस बायव्हिटॅटस! आमच्या डोंबिवलीच्या गॅलरीत बारा महिने फिरणारा कोळी. ताईकडे नैरोबीला राहून, किसुमूमार्गे दीड दिवस धक्के खात मी व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी आलो होतो, ते हे बघायला नव्हे. पैसे आधी देऊ नका. कोळी ओळखल्याशिवाय एक शिलिंगही काढू नका.

ज्याच्यासाठी जायचं तो एव्हार्का क्युलिसिव्होरा. वांदा वेसोलोव्स्का आणि रॉबर्ट जॅक्सन यांनी 2003 साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. क्युलिसिव्होरा म्हणजेच डास खाणारा. लांबी जेमतेम पाच मिलिमीटर, रंग तपकिरी, नराचं तोंड लाल. सोंड नसल्यामुळे त्याला माणसाचं रक्त पिता येत नाही, म्हणून तो रक्त प्यायलेली डासाची मादी निवडून मारतो, त्यातही मलेरिया पसरवणाऱ्या ॲनॉफिलिसला पहिली पसंती. वापरलेल्या मोज्यांच्या वासाकडेही तो ओढला जातो, हे 2011 मध्ये प्रयोगाने दाखवलं गेलं. जिथे माणूस, तिथे रक्त प्यायलेले डास.

भिंती कोळ्यांनी भरलेल्या असतात, असं मला सांगितलं होतं. साफ खोटं. पोट भरलेला कोळी गवतात, जमिनीलगत दडून बसतो. मी दोन दिवस भिंतीच बघत बसलो आणि ते दोन्ही दिवस वाया गेले. तिसऱ्या सकाळी मुक्कामाच्या मागे, घाणेरीच्या कुंपणापाशी (हो, आपल्याकडे डोंगरभर माजलेली तीच घाणेरी, तिच्या वासाचं या कोळ्याला आकर्षण आहे) पोटावर पडून गवताचे बुडखे एकेक करून बाजूला केले. तेव्हा कुठे तो दिसला.

थोड्या वेळाने एक कोळी भिंतीवर चढला. वीतभर अंतरावर ॲनॉफिलिसची मादी बसली होती, डोकं भिंतीकडे आणि ढुंगण तिरकं वर. पोट डाळिंबाच्या दाण्यासारखं लालबुंद. कोळी थांबला. पुढचे दोन मोठे डोळे तिच्यावर रोखून इंच-इंच सरकला, पुन्हा थांबला. मग उडी. डास त्याच्यासकट गवतात पडला. मी श्वास रोखून धरला होता, हे नंतर कळलं. एवढ्यासाठी पुन्हा दीड दिवस मॅटाटूत, म्हणजे तिथल्या वडापच्या छोट्या बसमध्ये, कोंबून घ्यायला मी आजही तयार आहे.

आता कामाचं. सरोवराच्या पलीकडच्या काठावरच्या लुआंडा कोटिएनोहून फेरीने जाणार असाल तर सुटायची वेळ आदल्या दिवशी विचारा. मॅटाटू भरल्याशिवाय हलत नाही, माझी फेरी त्यातच चुकली. पुढच्या वेळी मी होमा बेवरून रस्त्यानेच जाईन. धक्क्यावरच्या बोडाबोडावाल्याने (भाड्याची मोटरसायकल) पाचशे सांगितले, मुक्कामाच्या बाईंनी तेच अंतर शंभरात होतं म्हणून सांगितलं. भाडं ठरवल्याशिवाय मागे बसू नका.

संध्याकाळी सरोवरावरून चिलटांचे काळे ढग येतात. चावत नाहीत, पण नाकातोंडात जातात. दिवे बंद, खिडक्या बंद, जेवण अंधार पडायच्या आत. चावतात ते डास, आणि तुम्ही मुद्दाम डासांच्या जागी जाताय. मलेरियाची गोळी डॉक्टरांना विचारून निघायच्या आधीच सुरू करा आणि परतल्यावर सांगितलेले दिवस पूर्ण घ्या. पीतज्वराची लस जायच्या किमान दहा दिवस आधी टोचलेली हवी. कार्ड नसेल तर भारतात उतरल्यावर तुम्हाला वेगळं ठेवू शकतात.

इसिपे या कीटकसंशोधन संस्थेचं थॉमस ओधियाम्बो केंद्र म्बितातच आहे. तिथे या कोळ्यावर बरंच काम झालंय, पण ती प्रयोगशाळा आहे, आधी लिहून परवानगी घ्या. रुसिंगा बेटावर एक दिवस गेलो, छान आहे.

दहापटीचं भिंग, डोक्याला लावायचा दिवा, पूर्ण बाह्या. आणि गुडघ्याखाली घ्यायला जाड चटई न्याच, माझे गुडघे अजून दुखताहेत.