कानबाईच्या विसर्जनाला दारात बेलीफ

यंदा कानबाईला, म्हणजे आमच्या खानदेशातल्या श्रावणातल्या देवीच्या सणाला, गावी गेलो होतो, पारोळ्याच्या बाजूला आमचं गाव, कानबाईचे रोट (नैवेद्य) असले की भाऊबंदकी जमते म्हणजे जमतेच. सोमवारी सकाळी कानबाई नदीवर नेऊन आलो, बाया अजून ओल्या लुगड्यांनी अंगणात उभ्या, आणि साडेबाराच्या सुमारास एक माणूस आला, खांद्याला रेक्झिनची बॅग, सोबत कोतवाल. आबांचं पूर्ण नाव विचारलं आणि म्हणाला, कोर्टातून आलोय, जंगम जप्तीचं वॉरंट आहे, म्हणजे घरातल्या हलवता येणाऱ्या वस्तू जप्त करायचा हुकूम.

आबा म्हणजे माझे मोठे काका, ७१ वर्षांचे. ओसरीवर बसलेले होते, उठलेच नाहीत.

प्रकरण जुनं आहे. बांधावरून शेजाऱ्याने दावा लावला, आबा दोन-तीन तारखांना गेले नाहीत, निकाल विरोधात गेला आणि समोरच्याचा कोर्टखर्च आबांनी द्यायचा असा हुकूम झाला, ८,४०० रुपये. गावात सगळे त्याला दंडच म्हणतात. मोजणी न करता निकाल लावला हे आबांना आजही पटत नाही, पण तरी त्यांनी कापूस विकून पैसे दिले, दोन वर्षं झाली. आणि आता तेच पैसे परत, वर दरखास्तीचा, म्हणजे हुकुमाप्रमाणे वसुली करून घ्यायला टाकलेल्या अर्जाचा, खर्च.

चुलतभाऊ म्हणाला भरून टाकू, पाहुणे बघताहेत, इज्जत जाते. आबा एवढंच बोलले, "एकदाव भरेल शे ना भो, आखो काब भरू?" म्हणजे एकदा भरलेत ना, परत का भरू? मला त्या क्षणी इतका राग आला, आणि तो बेलीफवर नव्हता, तो बिचारा हातातल्या कागदाप्रमाणे काम करत होता, पाणी मागून प्यायला, काकूला ताई म्हणून बोलला. राग याचा की म्हातारा माणूस खरं बोलतोय आणि घरातलेच त्याला गप्प बसवताहेत.

दोन पंच बोलावले, यादी सुरू झाली. टीव्ही, फ्रिज, मग अंगणातली मोटरसायकल, मग गोठ्याकडे बघून बैलजोडी. मी धुळ्याला वकिली करणाऱ्या मित्राला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. त्याने सांगितलं ते मी वहीत लिहून घेतलं, कारण हे खेड्यात कोणालाच माहीत नसतं. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६०, शेतकऱ्याची अवजारं, पोटापाण्याला लागणारे बैल, बियाणं जप्त करता येत नाही. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण नाही, बाईचं मंगळसूत्र नाही. कलम ६२ प्रमाणे सूर्यास्तानंतर घरात शिरता येत नाही. बेलीफने ऐकलं, मान हलवली आणि बैल लिहिलेच नाहीत. गाडी माझ्या नावावर होती, मोबाईलवर आरसी दाखवली, ती ओळ त्याने खोडून सही केली. राहिले टीव्ही आणि फ्रिज, ते सुपुर्दनाम्यावर, म्हणजे सांभाळायची जबाबदारी लिहून घेऊन, चुलतभावाच्या ताब्यात घरातच ठेवले.

मग मित्राने विचारलं, पैसे कोर्टात भरले की हातात दिले? आबा म्हणाले हातात, समोरच्याच्या वकिलासमोर. फोनवर तो थोडा वेळ गप्पच झाला. सगळा घोळ इथेच होतो. कोर्टाबाहेर दिलेल्या पैशाची कोर्टात नोंद झाली नसेल तर दरखास्त चालवणारं कोर्ट ते पैसे दिले असं धरतच नाही, त्याच संहितेची ऑर्डर २१ नियम २. नोंद करून घ्या असा अर्ज आपण देऊ शकतो पण त्याला मुदत फक्त ३० दिवस, पैसे दिले त्या तारखेपासून. इथे दोन वर्षं उलटलेली.

संध्याकाळी ओट्यावर बसून ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये जुन्या दाव्याचा सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा वेगळा असतो तो) टाकला, तो आबांच्या जुन्या समन्सवर सापडला, आणि एकेक तारीख उघडत गेलो. निकालानंतरच्या एका तारखेला एवढीच ओळ होती, रक्कम मिळाल्याची पुरसीस, म्हणजे कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन, दाखल. मी ती ओळ तीनदा वाचली आणि आबांना मोठ्याने वाचून दाखवली. त्यांच्या तेव्हाच्या वकिलाने काम केलं होतं हो, तो माणूस आता वारला, पण कागद करून गेला. दाव्याच्या फाईलला कागद होता आणि दरखास्तीची फाईल वेगळी, दोन्ही जोडून कोणी बघितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी अर्जंट नकलेचा अर्ज टाकला. रोजनाम्याची (तारखेवार कामकाजाच्या नोंदीची) आणि पुरसिसची नक्कल हातात पडायला चार दिवस लागले, त्यात दोन वेळा "साहेब जेवायला गेले" ऐकलं. पुरसिसवर समोरच्याची सही निळ्या शाईत, त्याच्या वकिलाची खाली, आणि कोपऱ्यात निशाणी नंबर, म्हणजे कोर्टाने त्या कागदाला दिलेला क्रमांक. नक्कल जोडून अर्ज दिला, वॉरंटला स्टे मिळाला, पुढच्या तारखेला समोरच्याने सही कबूल केली आणि दरखास्त निकाली निघाली. पैसे मिळूनही दरखास्त का टाकली हे त्याला कोणी विचारलं नाही, विचारायला पाहिजे होतं असं मला वाटतं.

आबांच्या हातात नक्कल दिली तेव्हा त्यांनी चष्मा लावून सगळी वाचली, समोरच्याच्या सहीवर बोट ठेवलं, आणि काकूला हाक मारून म्हणाले सातबाराच्या पिशवीत ठेव, वरच्या बाजूला.