रेट बटलरची बाजू

गॉन विथ द विंड, अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळातली कादंबरी, १९३६ ला आली आणि मार्गारेट मिचेलनी पुढचा भाग लिहायला शेवटपर्यंत नाहीच म्हटलं. तिच्या मागे वारसांच्या परवानगीनं १९९१ ला नायिकेच्याच नावाची स्कार्लेट ही कादंबरी आली, मग २००७ ला डोनाल्ड मॅकेगची रेट बटलर्स पीपल, नायक रेटच्या बाजूची, तीच मी आत्ता नागपूरच्या बर्डीवरून आणून वाचून राहिली, बाहेर ऊन मी म्हणतंय, कूलर फुल्लवर अन् मी पार रेटच्या चार्ल्सटन गावात!

सुरुवातच पिस्तुलाच्या द्वंद्वानं होते. मूळ कादंबरीत रेट मधूनच गायब होतो ना, तेव्हा तो कुठे होता, बाप कसा होता, वेश्यागृह चालवणाऱ्या बेल वॉटलिंगशी नातं काय, सगळं इथे कळतं. बहीण रोझमेरी तर मला फारच आवडली. पण खरं सांगू, सगळंच कळलं की तो जरा लहान वाटतो, मूळ पुस्तकात ट्वेल्व्ह ओक्स हवेलीच्या हॉलमध्ये एकटा उभा राहून तो नुसता स्कार्लेटकडे बघतो, तेवढ्यानंच जीव वरखाली व्हायचा.

आता मॅकेगचीच २०१४ ची रूथ्स जर्नी हवी, स्कार्लेटच्या घरच्या गुलाम दाईची, मॅमीची गोष्ट. एवढ्या जाड पुस्तकात त्या बाईला साधं नावही नव्हतं हो, हे कुणीतरी लिहायलाच पाहिजे होतं. कुणाकडे असेल तर सांगा, धरमपेठेत कुठेही घ्यायला येते.