तुम्ही विचारलंत म्हणून: ओमानला इंग्रजी शिकवायला जाऊ का?

हा प्रश्न मला बहुतेक मे महिन्यात येतो. विचारणारे इंग्रजीत एम.ए. झालेले, नेट किंवा सेट पास, आणि तरीही तासिका तत्त्वावर दोन-दोन कॉलेजांत पळापळ करणारे असतात. नेमणूक नऊ महिन्यांची, मानधन कधी जमा होईल ते देव जाणे. मी काही वर्षं ओमानमध्ये इब्रीला शिकवलं, म्हणून माझा नंबर शोधतात. सुरुवात ठरलेली: "मॅडम, पगार किती देतात?"

पगार इथल्यापेक्षा चांगलाच असतो. पण मी उलट विचारते, करार कोणाशी होतोय? कॉलेजशी की कंपनीशी? निम्म्या लोकांना हे दोन वेगळे असू शकतात हेच माहीत नसतं.

ओमानमध्ये सरकारी शाळा अरबीतून चालते, आणि इंजिनिअरिंग, आयटी, बिझनेस हे कॉलेजात शिकायचं इंग्रजीतून. मधलं अंतर भरून काढायला आधी फाउंडेशन, म्हणजे पूर्वतयारीचा अभ्यासक्रम, करावा लागतो. त्याचे राष्ट्रीय निकष २००८ साली ठरले. खालच्या लेव्हलला आलेल्या काही मुलांना इंग्रजीत चार ओळी लिहिणं जड जातं, आणि फाउंडेशन संपता संपता त्यांनी आलेख वाचून त्यावर परिच्छेद लिहावा अशी अपेक्षा असते. एवढे शिक्षक देशात मिळत नाहीत, म्हणून बाहेरून आणतात. २०२० मध्ये सरकारी तंत्र महाविद्यालयं आणि उपयोजित विज्ञान महाविद्यालयं एकत्र करून एकच मोठं विद्यापीठ केलं गेलं. मस्कत, निझवा, इब्रा, सलाला, इब्री अशा गावोगावी त्याच्या शाखा आहेत.

या भरतीचे दोन रस्ते. काहींना सरकार थेट घेतं, काहींना मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपन्या घेतात आणि कॉलेजला 'देतात'. आमच्या स्टाफरूममध्ये त्यांना सरळ 'मिनिस्ट्रीचे' आणि 'कंपनीचे' म्हणत. मी कंपनीची. शेजारच्या टेबलावरची ट्युनिशियाची बाई मिनिस्ट्रीची. पुस्तक एक, लेव्हल एक, आठवड्याचे तास तेच, गठ्ठेही तेवढेच. उन्हाळ्याची सुट्टी लागली की तिला पगारी रजा आणि मला कंपनीचा मेल, की रजा अमुक तारखेपर्यंत पगारी, पुढची बिनपगारी. भांडायचं कोणाशी? विभागप्रमुख म्हणतात कंपनीला विचारा, कंपनीचा माणूस मस्कतला, आणि मस्कत गाडीने तीन तास.

तिसरीही एक पायरी होती, ती पासपोर्टची. काही जाहिरातींत 'नेटिव्ह स्पीकर' आणि बाकीचे यांच्या पगाराचे वेगळे आकडे अगदी उघड छापलेले असत. दक्षिण कोरियात तर परदेशी इंग्रजी शिक्षकाचा नेहमीचा व्हिसा ठरावीक सात देशांच्या पासपोर्टलाच मिळतो. त्या मानाने आखातात आपल्याला दार उघडं तरी आहे. पण व्याकरणाचा पेपर काढायचा असला की सगळे केरळच्या नाहीतर आंध्रच्या सरांकडे धावत आणि पाहुण्यांसमोर उभं करायचं असलं की गोरा चेहरा शोधत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. राग धरून उपयोग नाही, पण जाताना माहीत असलेलं बरं.

काम कसं असतं हेही विचारतात. मुलं गोड असतात, हे आधी सांगते. मुलगे पांढऱ्या पायघोळ दिशदाशात, डोक्यावर नक्षीची कुम्मा टोपी. मुली काळ्या अबायात, वर्गात वेगळ्या बाजूला. सगळ्यांसाठी तुमचं नाव एकच: 'टीचर'. अरबीत ऱ्हस्व स्वर एरवी लिहीत नाहीत, त्यामुळे इंग्रजी लिहितानाही मुलं स्वर गाळत जातात, आणि सवय होईपर्यंत पेपर तपासणं म्हणजे कोडं सोडवणं. 'प' नाही, म्हणून पार्किंगचं बार्किंग. हे सगळं मजेचं. जीव जातो तो बाकीच्या गोष्टींत. लेखनाचा प्रत्येक पेपर दोघांनी तपासायचा, दोघांच्या गुणांत फार फरक पडला तर तिसऱ्याकडे. शिवाय हजेरी. आमच्याकडे गैरहजेरी १० टक्के झाली की पहिली वॉर्निंग, २० ला दुसरी, ३० ला मुलगा त्या विषयातून बाद. हा हिशोब शिक्षकाने रोज कॉम्प्युटरवर भरायचा. सत्रअखेरीला २९ टक्केवाला दारात उभा राहतो, "टीचर, प्लीज, लास्ट टाइम." आणि याच मुलांनी भरलेला फीडबॅकचा फॉर्म तुमच्या करार-नूतनीकरणाच्या फाइलला लागतो. आता तुम्हीच ठरवा, २९ चं ३० करायचं की नाही.

करार साधारण दोन वर्षांचा. कायम नोकरी नाही, पेन्शन नाही. देशाला आपल्या मुलामुलींना नोकऱ्या द्यायच्या आहेत, त्याला ओमानायझेशन म्हणतात, आणि त्यात गैर काहीच नाही. पण करार संपला की व्हिसा संपतो, घर सोडावं लागतं आणि मुलाची शाळाही सुटते, सगळं एका फटक्यात. पूर्वी तर जुन्या मालकाच्या 'ना हरकत'शिवाय दुसरीकडे नोकरी धरता येत नसे, देश सोडून दोन वर्षं थांबावं लागे. ती अट जानेवारी २०२१ पासून गेली, करार पूर्ण केलेल्याला आता ते पत्र लागत नाही. माझ्या काळी त्या एका कागदासाठी लोक वर्षभर तोंड मिटून राहत.

आता पैशाचं, कारण मुख्य गोम तिथेच आहे. कंपनीच्या करारात एकूण आकडा बघून हुरळू नका, 'बेसिक' किती ते बघा. नोकरी सुटताना मिळणारी ग्रॅच्युइटी कायद्याने बेसिकवर मोजतात. २०२३ च्या नव्या कामगार कायद्यात ती दर वर्षाला एक महिन्याचं बेसिक अशी आहे. आधी पहिली तीन वर्षं दर वर्षाला १५ दिवसांचंच मिळायचं. म्हणून काही कंपन्या बेसिक छोटं ठेवतात आणि घरभाडं, प्रवास, 'इतर' असे भत्ते फुगवतात. महिन्याला हातात तेवढेच येतात, फरक कळतो शेवटच्या दिवशी. सुट्टीचा पगार, विमानाचं तिकीट, मेडिकल इन्शुरन्समध्ये नवरा-मुलं धरली आहेत का, हे लेखी असल्याशिवाय सही नको. पासपोर्ट "ऑफिसात ठेवू" म्हणाले तर नाही म्हणा. तुमच्या लेखी संमतीशिवाय तो ठेवून घेता येत नाही.

मला सगळ्यात बोचलेली गोष्ट वेगळीच आहे. दहावी न झालेला गवंडी ओमानला जायला निघाला तर आपलं सरकार त्याला एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे कामासाठी देशाबाहेर जाण्याची परवानगी, घ्यायला लावतं, त्यात त्याच्या कामाचा करार नोंदवला जातो. दहावी किंवा त्यापुढे शिकलेल्याला ते लागत नाही. म्हणजे पीएच.डी. झालेल्या माणसाच्या हातात कसलाही कागद देऊन त्याला विमानात बसवता येतं, विचारणारं कोणी नाही. आपण शिकलेले, आपलं आपण बघून घेऊ, असं गृहीत धरलंय. आणि आपण तर एजंटला "सर, सर" म्हणत पैसे मोजून मोकळे होतो! एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला हवा, आणि त्याला सेवाशुल्क घेता येतं ते जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी. त्याहून जास्त मागणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा.

एम.ए. बहिःस्थ केलेलं असेल तर पदवीला तिकडे मान्यता मिळते का ते अर्ज करण्याआधी विचारून घ्या. प्रमाणपत्रांवर शिक्के मारून घेण्यावर खर्च नंतर.

मग जावं का? तिशीच्या आत असाल, डोक्यावर कर्ज असेल आणि इथे कायम होण्याची आशा नसेल, तर जा, पण आधी सांगितलेलं लेखी मिळालं तरच. नवरा किंवा बायको इथली पक्की नोकरी सोडून सोबत येणार असेल तर दहादा विचार करा, कारण फॅमिली व्हिसावर तिकडे नोकरी करता येत नाही. आणि एकदा गेलात की परत येऊन कुठे रुजू होणार याचा विचार पहिल्या वर्षीच सुरू करा. चाळिशीनंतर परतलेल्या माझ्या दोन मैत्रिणींना इथे कॉलेजं "अनुभव परदेशातला आहे" एवढंच म्हणतात, पुढे फोन येत नाही.

जेवणाची मात्र कोणी काळजी करू नये. केरळी दुकान नाही असं गाव मला तरी तिकडे सापडलं नाही. फक्त पातळ पोहे बॅगेतून न्या, तिथे जाडेच मिळतात.