व्हीलचेअर घेऊन वेलंकणीला

बाबांना पक्षाघाताचा झटका आला त्या रात्री आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून आई तमिळनाडूतल्या वेलंकणी मातेला, म्हणजे तिथल्या मरियामातेला, नवस बोलली: हे चालायला लागले की तुझ्या पायाशी घेऊन येते. बाबा चालायला लागले नाहीत. उजवा हात थोडा हलू लागला, बोलणं अर्धंमुर्धं परत आलं, पाय मात्र तसाच राहिला. तरी आईने जायचं ठरवलंच. "अगं, पण नवस फळला कुठे?" असं शेजारणीने विचारलं, तर म्हणाली, "फळला नाही म्हणूनच जातेय. समोर उभं राहून विचारायचंय."

मी नवस बोलणाऱ्यांतली नाही. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चुकवत नाही, उपवासकाळ पाळते, पण देवाला अटी घालायला माझी जीभ रेटत नाही. त्यामुळे मी निघाले ती मुख्यतः व्हीलचेअर ढकलायला.

आमच्या वसईत धर्मग्राम, म्हणजे एका चर्चला जोडलेली वस्ती, ही नुसती चर्चची इमारत नव्हे. कोण अंथरुणाला खिळलंय, कोणाचा मुलगा आखातात अडकलाय, कोणत्या घरात दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, सगळं सगळ्यांना ठाऊक. एरवी याचा मला वैताग येतो. पण बाबा घरी आल्यावर याच चौकस मंडळींनी आमचं घर उभं धरलं. दर पहिल्या शुक्रवारी फादर कम्युनियन, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, घेऊन येतात. गरजूंना मदत करणाऱ्या व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे लोक अधूनमधून डोकावतात. त्यातले एक निवृत्त कंडक्टर काका बाबांची दाढी करून देतात आणि दाढी होईपर्यंत गावभरच्या बातम्या सांगतात. फिजिओथेरपिस्टपेक्षा त्यांनीच बाबांना जास्त बोलतं केलं, असं माझं मत आहे.

हॉस्पिटलमध्ये फादर आजाऱ्याला लावायचं पवित्र तेल घेऊन आले तेव्हा मात्र आत्याने हंबरडा फोडला होता. तिच्या पिढीच्या मनात तेल म्हणजे शेवट. पूर्वी हा संस्कार बहुधा मरणाच्या दारातच मिळायचा. व्हॅटिकनच्या दुसऱ्या महासभेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, सांगितलं की तो गंभीर आजारी माणसासाठी आहे, शेवटच्या श्वासाची वाट पाहायची गरज नाही. १९७२ मध्ये पोप पॉल सहावे यांनी विधीही नव्याने लावून दिला, तेव्हापासून तेल कपाळाला आणि हातांना लावतात. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातही तेच आहे: कोणी आजारी असेल तर त्याने मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. मरणाचा तिथे उल्लेख नाही. पण हे सगळं आत्याला आयसीयूच्या दारात कोण समजावणार? बाबांना अर्धवट शुद्धीत रडणं ऐकू आलं आणि त्यांना वाटलं, आपण गेलोच. आता ते हा किस्सा हसून सांगतात.

वेलंकणीचा सण २९ ऑगस्टला ध्वज चढवून सुरू होतो आणि ८ सप्टेंबरला, मरियामातेच्या जन्माच्या सणाला संपतो. या काळात मुंबईहून थेट वेलंकणीपर्यंत खास गाड्या सोडतात. आमच्या धर्मग्रामाने एकत्र आरक्षण केलं होतं. वसई रोडला गाडी थांबते मोजकी मिनिटं, डब्याचं दार अरुंद, आणि बाबा अंगाने भरलेले. कंडक्टर काका, आमचा चुलतभाऊ आणि गायनमंडळातली दोन पोरं यांनी त्यांना खुर्चीसकट उचललं. कोणीतरी मागून ओरडलं, "आता छप्पर फोडायचं तेवढं राहिलं!" आणि आख्खा फलाट हसला. ज्यांनी बायबलमधलं मार्कचं शुभवर्तमान ऐकलंय त्यांना हे लगेच कळेल. येशूभोवती इतकी गर्दी की आत शिरता येईना, म्हणून चौघांनी घराचं छप्पर उसवून पक्षघाती माणसाला बाजेसकट खाली सोडलं, ती गोष्ट.

प्रवासाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. माळेच्या प्रार्थना, पत्ते, सुकेळ्यांची पुडकी, रात्री घोरण्याचं सामुदायिक गायन. विल्लुपुरमच्या पुढे गाडी कडलूर, चिदंबरम, मयिलादुतुरै करत कावेरीच्या खोऱ्यात शिरते आणि दोन्ही बाजूंना भातखाचरं लागतात. बाबांनी जन्मभर वाडी केली, फुलं आणि केळी. ते खिडकीला चिकटून बसले आणि एकेका पाटाकडे बोट दाखवत राहिले.

वेलंकणी नागपट्टिणमच्या दक्षिणेला, अगदी समुद्राला लागून आहे. आमचा समुद्र मावळतीचा, इथला उगवतीचा. पहाटे किनाऱ्यावर गेल्यावर सूर्य चुकीच्या जागी निघाल्यासारखा वाटतो. पांढरीशुभ्र उंच मनोऱ्यांची बॅसिलिका दुरूनच दिसते. पोप जॉन तेविसावे यांनी १९६२ मध्ये तिला बॅसिलिकेचा, म्हणजे खास मानाच्या चर्चचा, दर्जा दिला. आत वेदीवर आरोग्यमाता, म्हणजे वेलंकणी माता, उभी आहे, हातात बाळ येशू आणि अंगावर जरीकाठी साडी. आईला हे फार आवडलं. "आपल्यातली वाटते," म्हणाली.

इथल्या तीन कथा सगळेच सांगतात. दूध घेऊन निघालेल्या पोराला तळ्याकाठी एक बाई भेटली, तिने आपल्या बाळासाठी दूध मागितलं, आणि मालकाच्या घरी पोचल्यावर भांडं काठोकाठ भरलेलं निघालं. पुढे ताक विकणाऱ्या एका लंगड्या मुलाला तीच बाई भेटली आणि तो पळत नागपट्टिणमला निरोप घेऊन गेला. मग वादळात सापडलेले पोर्तुगीज खलाशी ८ सप्टेंबरला इथल्या किनाऱ्याला लागले आणि त्यांनी मातेसाठी पक्कं देऊळ बांधलं. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या या गोष्टी तोंडोतोंडी आलेल्या आहेत, कागदपत्रांतून नाही. मला त्यात गंमत वाटते ती दुसरीच: पहिल्या दोन्ही गोष्टींतली मुलं गरीब आहेत, पहिला तर हिंदू घरातला होता असं सांगतात, आणि माता त्यांना दर्शन देण्याआधी काहीतरी मागते. दूध, ताक. ऐश्वर्य वगैरे दाखवत नाही.

म्हणूनच की काय, इथे येणाऱ्यांत हिंदू आणि मुसलमानही खूप. भगवे कपडे घालून अनवाणी चालत आलेले जथे पाहून मी आधी गोंधळले. नंतर कळलं, ही मातेची वारी. कोणी मुंडण करून समुद्रात बुडी मारतं, कोणी मूल व्हावं म्हणून पाळणा बांधतं. याला सरमिसळ म्हणणारे आमच्यातही आहेत. पण ऑगस्ट २०२४ मध्ये व्हॅटिकनच्या श्रद्धा-सिद्धांत विभागाने तंजावूरच्या बिशपांना पत्र लिहून या तीर्थाचं कौतुक केलं आणि इतर धर्मीयांच्या येण्याकडे सरमिसळ म्हणून पाहू नये, असंही कळवलं. आमच्या डब्यात या विषयावर झालेला वाद मात्र त्या पत्राने मिटला नसता.

बॅसिलिकेपासून मातेच्या तळ्याकडे जाणारी वाट वाळूची आहे. एका बाजूला क्रुसाच्या वाटेची स्थानकं, म्हणजे येशूच्या क्रुसापर्यंतच्या प्रवासातले प्रसंग, दुसऱ्या बाजूला जपमाळेची रहस्यं, म्हणजे माळ जपताना आठवायचे येशू-मरियेच्या आयुष्यातले प्रसंग. लोक ती गुडघ्यांवर चालतात. काहींच्या हातात नारळाचं रोप असतं, मातेला वाहायला. बाबांचं लक्ष भक्तीपेक्षा रोपांकडे. "मुळं... उघडी," ते कष्टाने म्हणाले. मला हसू आलं आणि त्याच क्षणी व्हीलचेअरची पुढची चाकं वाळूत रुतली. ढकलली तशी आणखी रुतली. आमची माणसं बरीच पुढे गेली होती. तेवढ्यात त्या भगव्या जथ्यातली चार पोरं आली, काही न विचारता चौघांनी चार बाजू धरल्या आणि बाबांना उचलून थेट तळ्यापर्यंत नेलं. आम्हाला तमिळ येत नव्हतं, त्यांना मराठी. बाबांनी डाव्या हाताने एकाच्या डोक्यावर हात ठेवला, त्या पोराने "माता, माता" म्हणत हात जोडले आणि ते परत गुडघ्यांवर बसून वाटेला लागले.

मार्कच्या त्या गोष्टीत एक ओळ आहे जिच्यावरून मी कितीदा तरी पुढे सरकले असेन. येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला, असं तिथे लिहिलंय. पक्षघाती माणसाच्या विश्वासाबद्दल अक्षर नाही. त्याचा होता की नव्हता कोण जाणे. बाबांना विचारलं तर ते सांगतील की आजारात प्रार्थना सुचतच नाही, पाठ दुखते तेवढं कळतं. पूर्वी एका उपचार-प्रार्थनेच्या मेळाव्यात बाबांना घेऊन गेलो होतो, तिथे व्यासपीठावरून कोणीतरी म्हणालं होतं, बरं न होणाऱ्याचा विश्वास कमी पडतो. बाबा परतीच्या रिक्षात एक शब्द बोलले नाहीत. खरं तर व्हॅटिकनने सप्टेंबर २००० मध्येच उपचारासाठीच्या प्रार्थनांबद्दल सूचनापत्र काढलंय, त्यावर तेव्हाचे कार्डिनल रॅट्झिंगर यांची सही आहे. प्रार्थनेमुळे औषधोपचार बाजूला पडत नाहीत, उलट ते करावेत, आणि अशा सभांत उन्माद नको, असं त्यात स्पष्ट आहे. संत पौलानेही शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवलं होतं. काटा निघाला नाही. त्याचा विश्वास कमी होता असं म्हणायची कोणाची छाती आहे?

अर्पण केलेल्या वस्तूंचं संग्रहालय जरूर बघा. चांदीचे हात, पाय, डोळे, छोटी घरं, आणि आभाराची पत्रं. मी आधी तुच्छतेने बघायला लागले आणि मग पत्रांपाशी अडकले. पण तिथे फक्त ज्यांना मिळालं त्यांचंच लिहिलेलं आहे. न मिळालेल्यांची पत्रं कुठे ठेवणार?

हा प्रश्न वेलंकणीत टाळता येत नाही. २६ डिसेंबर २००४, नाताळनंतरचा रविवार. त्सुनामी आली तेव्हा बॅसिलिकेत मिस्सा चालू होती आणि किनाऱ्यावर यात्रेकरूंची गर्दी होती. पाणी देवळात शिरलं नाही, आतले वाचले. बाहेर, वाळूवर आणि दुकानांच्या रांगांत, शेकडो माणसं गेली. त्यांचं स्मारक गावात आहे. पाणी पायरीपाशी थांबलं, हा चमत्कार मला तिथे अनेकांनी सांगितला, अगदी डोळ्यांत पाणी आणून. ते खोटं बोलत नव्हते. पण मला तो चमत्कार म्हणून स्वीकारता येत नाही. बाहेर मेलेलेही मातेकडेच आलेले होते, त्यांच्यातल्या काहींनी पहाटेची मिस्सा ऐकलेली असणार. स्मारकापाशी मी आईला हे बोलून दाखवलं. तिला राग येईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "मला पण तेच विचारायचं होतं तिला." मग वेदीसमोर उभी राहून ती बराच वेळ पुटपुटत होती, हातवारेसुद्धा करत होती. मागच्या बायांनी ढकललं तरी हलली नाही.

नोव्हेनाच्या, म्हणजे सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या, काळात तमिळ, मल्याळम, तेलुगू, कोकणी, हिंदी, इंग्रजी अशा अनेक भाषांत मिस्सा होतात, आणि मराठीतही होते. तमिळ भोंग्यांच्या गजरातून अचानक 'हे आमच्या स्वर्गातील बापा' कानावर आलं तेव्हा बाबाही म्हणू लागले. एरवी त्यांना दोन शब्द जोडायला वेळ लागतो; ही प्रार्थना मात्र सलग बाहेर पडली. आजूबाजूच्या बाया लगेच डोळे पुसू लागल्या. मी त्यांना सांगितलं नाही, पण स्पीच थेरपिस्टने हे आधीच समजावलं होतं: पक्षाघातानंतरही पाठ असलेली गाणी, प्रार्थना, शिव्या बऱ्याचदा शाबूत राहतात. बाबांच्या शिव्या आम्ही पहिल्या आठवड्यातच ऐकल्या होत्या.

कोणी आजारी माणसाला घेऊन जाणार असाल तर शेवटचे दोन दिवस टाळा, ७ तारखेच्या संध्याकाळच्या रथाच्या मिरवणुकीत व्हीलचेअर निभणार नाही. खोली आधीच बघून ठेवा, तळमजल्यावरची. तळ्याकडे जाताना बरोबर चार धट्टीकट्टी माणसं असू द्या, नसली तर थोडं थांबा, मिळतात. ऊन आणि दमट हवा दोन्ही त्रासदायक. औषधं थंड जागी ठेवायची असतील तर बरोबर डबा न्या.

परतताना आईने दुकानातून मातेला वाहायचा मेणाचा पाय घेतला नाही. "अजून कशाला? चालले की देईन," म्हणाली, म्हणजे हिशेब तिने उघडाच ठेवलाय. बाबांनी मात्र कंडक्टर काकांच्या गुडघ्यासाठी एक मेणाचा गुडघा घ्यायला लावला आणि गाडी कडलूरच्या पुढे गेल्यावर मला खुणेने फोन काढायला सांगितला. फिजिओथेरपिस्टला सोमवारची सकाळची वेळ मागायची होती.