थंडी लांबली तरी भाजीबाग सुरू करता येते

वाफे आखून झालेत, बियाणं हाताशी आहे आणि नेमका गारठा वाढलाय. अशा वेळी बरेच जण सगळं गुंडाळून ठेवतात. काही जण ‘पेरून तर टाकू, उगवेल तेव्हा उगवेल’ म्हणत बी मातीत टाकतात, आणि हे जास्त महागात पडतं. गार मातीत बी नुसतं झोपून राहत नाही. ते पाणी पिऊन फुगतं, पण कोंब बाहेर यायला आठवडे लागतात आणि तेवढ्यात बुरशी त्याला गाठते. बियाणं आणि कोवळी रोपं बहुतेक वेळा थंडी आणि ओल एकत्र आल्यानं जातात. यातली ओल आपल्या हातात असते, म्हणून कामाला सुरुवात तिथून करायची.

आधी मातीचं तापमान मोजा. हवामानाच्या अंदाजातला आकडा जमिनीपासून दीड-दोन मीटर उंचीवरच्या हवेचा असतो, बी मात्र मातीत असतं. साधा थर्मामीटर ५ सेंटिमीटर खोल खुपसा, सकाळी ऊन पडायच्या आत वाचा आणि सलग चार दिवस लिहून ठेवा. ५ अंश सेल्सिअसला पालक उगवायला सुमारे तीन आठवडे लागतात, १० अंशांना १२ दिवस आणि १५ अंशांना जेमतेम आठवडा. गाजर ५ अंशांना सात आठवडे रखडतं, १० अंशांना अडीच आठवड्यांत वर येतं. वाटाणा १० अंशांना दोन आठवड्यांच्या आत उगवतो. टोमॅटोला १० अंशांना सहा आठवडे, पण २० अंशांना आठच दिवस. म्हणून माती ७-८ अंशांवर टिकली की पालक, मुळा, लेट्यूस, वाटाणा थेट पेरायला हरकत नाही. टोमॅटो, मिरची, वांगी घरात ट्रेमध्ये रुजवायची. भेंडी आणि काकडीचं बी माती १५-१६ अंशांच्या वर जाईपर्यंत पाकिटातच राहू द्या.

तापमान जुळलं तरी वाफसा (चिखलही नाही आणि कोरडीही नाही, अशी कामाजोगी माती) नसेल तर खुरपं लावू नका. मूठभर माती घेऊन घट्ट दाबा आणि अंगठ्यानं टोचा. गोळा भुगा होऊन सुटला तर वाफसा आलाय. अंगठा आत रुतला आणि गोळा चकचकीत राहिला तर आणखी चार दिवस थांबा. ओल्या मातीत पाय पडले की ती दबते, हवेच्या पोकळ्या मिटतात आणि ते ढेकूळ पूर्ण हंगाम त्रास देतं. १५ ते २० सेंटिमीटर उंच गादीवाफा केला की पाणी निघून जातं आणि माती लवकर तापते. त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक मातीला चिकटवून १०-१५ दिवस पसरा. काळ्या प्लॅस्टिकपेक्षा पारदर्शकाखाली माती जास्त तापते, कारण ऊन थेट मातीपर्यंत पोचतं. त्याखाली तणही उगवतं, पण ते पेरणीआधी वरच्यावर खुरपून टाकलं की पुढची निंदणी कमी होते.

आता रात्रीचं संरक्षण. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत.

आकाश निरभ्र असेल, वारा पडलेला असेल आणि हवा कोरडी असेल तर जमीन आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडे सोडते. मग अंदाजात ३ अंश असले तरी जमिनीलगत शून्याखाली जाऊ शकतं. गार हवा जड असते, ती उतारानं वाहत सखल जागी साचते. त्यामुळे एकाच बागेत वरचा वाफा वाचतो आणि खालचा करपतो. ढगाळ किंवा वाऱ्याच्या रात्री असं दहिवर (गोठलेलं दव) कमी पडतं. मात्र गोठवणारा वारा सुटला तर आच्छादनाचा उपयोग मर्यादितच असतो, तेव्हा कडा विटांनी दाबणं आणि वाऱ्याच्या बाजूला आडोसा करणं जास्त गरजेचं.

रोपाला शालीसारखं गुंडाळून खोडाशी दोरी बांधणं ही नेहमीची चूक. माणसाच्या अंगात ऊब तयार होते, रोपात नाही. रोपाची रात्रीची शेगडी म्हणजे त्याच्याखालची माती. तेव्हा कापड तंबूसारखं थेट जमिनीपर्यंत आलं पाहिजे आणि चारी कडा मातीनं दाबल्या पाहिजेत. तार किंवा वाकवलेल्या पाइपच्या कमानी लावून त्यावर न विणलेलं पांढरं क्रॉप कव्हर टाका. दर चौरस मीटरला १७ ग्रॅमचं कापड एखाद-दोन अंशांचा आधार देतं, ३० ग्रॅमचं दोन-तीन अंशांचा. प्लॅस्टिक वापरलंत तर पानाला टेकू देऊ नका, टेकलेलं पान तिथेच गोठतं. कापड सूर्य मावळायच्या आत घाला. अंधारानंतर घातलं तर कोंडायची ऊब आधीच उडालेली असते. प्लॅस्टिक सकाळी ऊन चढताच उघडा, नाहीतर आत पानं शिजतात.

दहिवराच्या आदल्या दुपारी माती कोरडी असेल तर पाणी द्या. ओली माती दिवसा जास्त उष्णता साठवते आणि रात्री खालून वर पोचवते. हे ओल टाळण्याच्या सल्ल्याशी विसंगत वाटेल, पण इथे मुळं धरलेल्या रोपांबद्दल बोलतोय, नुकत्याच पेरलेल्या बियांबद्दल नाही. पाणी मातीला द्या, पानांवर नको. आणि वाफ्यावरचा पेंढा त्या दिवसापुरता बाजूला सारा. पेंढ्यानं मुळं सुरक्षित राहतात, पण मातीची ऊबही खालीच अडकते आणि वरचं कोवळं रोप जास्त गारठतं. लसूण, गाजर यांच्यासाठी मात्र पेंढा ठेवलेलाच बरा.

घरात रुजवलेल्या रोपांचा शत्रू म्हणजे रोपं कोलमडणं. संध्याकाळी ताठ उभं असलेलं रोप सकाळी आडवं पडलेलं दिसतं. वाकून बघितलं तर मातीलगत खोड चिमटीत धरल्यासारखं बारीक, तपकिरी आणि पाणीदार झालेलं असतं, वरची दोन पानं मात्र अजून हिरवी. हे रोप वाचत नाही. कारण ठरलेलं आहे: ट्रेमधलं गार, चिंब मिश्रण आणि कोंडलेली हवा. कोकोपीट (ट्रेमध्ये भरायचा नारळाच्या सालीचा भुसा) पिळल्यावर एखाद-दुसरा थेंब पडेल इतपतच ओलं ठेवा. ट्रेला पाणी सकाळी आणि खालच्या ताटलीतून द्या, अर्ध्या तासानं उरलेलं ओतून टाका. बी उगवलं की वरचं झाकण त्याच दिवशी काढा. उजेड कमी पडला तर रोपं लांबुडकी होतात, म्हणून रोज १४ ते १६ तास दिवा लावा आणि रोपं वाढतील तसा तो वर घ्या. बाहेर लावण्याआधी ७ ते १० दिवस काटक करा: पहिल्या दिवशी सावलीत तासभर, मग रोज थोडं जास्त ऊन आणि वारा.

गारठ्यात टोमॅटोची पानं खालून जांभळी दिसली तर लगेच स्फुरद (फॉस्फरस) ओतू नका. मातीत स्फुरद बहुधा असतंच, गार मुळांना ते उचलता येत नाही. माती तापली की नवी पानं हिरवी येतात. युरियाचाही मोह टाळा, कारण गारठलेलं रोप वाढतच नसतं, दिलेलं नत्र (नायट्रोजन) पाण्याबरोबर खाली जातं. कांद्याची पेन्सिलीएवढी जाड रोपं लांबलेल्या थंडीत लावली तर पुढे डेंगळे (फुलांचे दांडे) येतात, तेव्हा बारीकच रोपं निवडा. वाटाण्याचा वेल हलकं दहिवर सोसतो, पण फुलं आणि कोवळ्या शेंगा सोसत नाहीत.

एवढं करूनही एखाद्या रात्री फटका बसलाच, तर सकाळी गोठलेल्या पानांना हात लावू नका. कोवळं ऊन थेट पडू नये म्हणून आडोसा करा, हळूहळू वितळू द्या, गरम पाणी कदापि घालू नका. काळी पडलेली पानं लगेच छाटायची नाहीत. जिवंत भाग कुठवर आहे ते आठवड्याभरात नव्या फुटव्यावरून कळतं आणि तोवर मेलेली पानंच खालच्या डोळ्यांना (जिथून नवे कोंब फुटतात त्यांना) थोडा आडोसा देतात. कोबी, पालक बहुधा सावरतात. टोमॅटोचं खोड मातीपर्यंत पाणीदार झालं असेल तर ते उपटा आणि ट्रेमधलं राखीव रोप लावा. त्यासाठी दर तीन रोपांमागे एक जास्तीचं रोप सुरुवातीलाच रुजवून ठेवा.